झोपला, जेवला, बडबडला

किस्से काही कोणी जमवत नाही. सदऱ्याच्या खिशात तंबाखूचा चुरा साचतो तसे ते साचतात. सदरा विटतो, खिसा फाटतो, पण शिवणीत बोट घातलं की चुरा निघतोच. संध्याकाळी आमच्या गल्लीतले चार रिटायर म्हातारे ओट्यावर बसतात. त्यातला एखादा हमखास म्हणतो, "किसन, ते पागलखान्यातलं सांग ना गा." मी म्हणतो, "मरू दे, थकलो." आणि मग सांगत बसतो. त्या म्हाताऱ्यांत एक मास्तर आहे. त्यानं डोकं खाल्लं, लिहून काढ म्हणून. मी चौथी पास. चुका दिसल्या तर मास्तरला धरा, मला नाही.

नागपुरात नंदनवनच्या पलीकडे तेव्हा तुरीची शेतं होती. तिथं एका शेठच्या ट्रस्टनं मनाच्या आजाराचं लहानसं हॉस्पिटल काढलं होतं. आता ते नाही, आणि कोणी त्याची आठवणही काढत नाही. एक पुरुषांचा वॉर्ड, एक बायांचा. मी पुरुषांच्या वॉर्डात अटेंडंट. काम काय? सकाळी कुलूप काढणं, संध्याकाळी कुलूप लावणं आणि मधल्या वेळात ज्याला धरायचं त्याला धरणं. अठरा वर्षं केलं. गुडघे तिथंच गेले.

आणीबाणी उठली त्याच्या आगेमागे पुण्याकडच्या एक डॉक्टर बाई आमच्याकडे आल्या. बुटक्या, जाड चष्मा, काखेत फूटपट्टी. पहिल्याच दिवशी सगळ्यांना व्हरांड्यात उभं केलं आणि म्हणाल्या, "इथे रोज काय घडतं ते मोजल्याशिवाय मी एकाही पेशंटचं औषध बदलणार नाही."

आमचा कंपाउंडर माझ्या कानात म्हणाला, "किसन, घे बाप्पा, आणखी एक भरती झाली!"

या मोजामोजीत एका माणसाचं घरी जाणं अडकलेलं होतं, म्हणून हे सगळं सांगायचं. त्याचं नाव दौलत. नागपूरजवळच्या खापा गावचा विणकर. नऊ वर्षं आमच्याकडे. मी सकाळी कुलूप काढलं की त्याचा एकच सवाल, "किसनभाऊ, आज खाप्याची गाडी आहे का?" मी म्हणायचो, "आज नाही." नऊ वर्षं रोज तोच सवाल आणि तोच जवाब. बाकीचं हसण्यावारी न्या, पण एवढं लक्षात असू द्या.

* * *

बाईंनी पहिल्यांदा मागितलं रात्रपाळीचं रजिस्टर.

ते रजिस्टर म्हणजे आमची शान! एका पानावर खाडाखोड नाही. दररोज एकच ओळ, "वॉर्ड शांत. सर्व झोपले." मागे पाहा, पुढे पाहा, चार वर्षं नागपुरात कोणी कूस बदलली नाही. एका आधीच्या सुपरिंटेंडेंटनं तर हुकूम काढला होता की नुसतं 'सर्व' लिहू नका, आकडा लिहा. मग आम्ही आकडा लिहायला लागलो.

बाईंनी सकाळी मला आणि माझ्या जोडीदाराला, गुलाबला, बोलावलं. पान समोर धरलं.

"किसनराव, वॉर्डात पेशंट किती?"

मला जन्मात कोणी किसनराव म्हटलं नव्हतं. मी छाती काढून म्हणालो, "सव्वीस, बाई."

"मग इथे लिहिलंय, अठ्ठावीस जण शांत झोपले. हे वरचे दोघं कोण?"

मी गुलाबकडे पाहिलं. गुलाब गरीब माणूस, खोटं बोलता येत नव्हतं त्याला. खाली मान घालून म्हणाला, "आम्हीच जी. एक मी अन एक किसन."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाल्या, "चार वर्षांत या रजिस्टरमध्ये खरं वाक्य हे एकच आहे."

* * *

त्यानंतर तक्ते सुरू झाले. प्रत्येक पेशंटच्या नावानं एक कागद आणि त्यावर रकाने: झोपला, जेवला, बडबडला, भांडला, काम केलं. झालं असेल तर बरोबरची खूण, नसेल तर फुली. शेवटी 'विशेष' म्हणून एक मोठा रकाना. हे सगळं भरायचं कोणी? मी! धरायला मी, सोडायला मी आणि आता लिहायलाही मी. पगार तोच.

वॉर्डातल्या मारामाऱ्यांचा एक वेगळा मोठा कागद, चौकटी चौकटींचा, ऑफिसच्या भिंतीवर. रोज बाई त्यावर ठिपका द्यायच्या आणि ठिपके रेघेनं जोडायच्या.

ट्रस्टचे सेक्रेटरी महिन्यातून एकदा यायचे. सरकी-ढेपीचे व्यापारी. पांढरी टोपी, बोटांत तीन अंगठ्या. हॉस्पिटलचा वास आला की नाकाला रुमाल लावायचे. त्या महिन्यात आले, भिंतीकडे पाहिलं आणि खूश झाले.

"वा बाई, वा! तुम्ही आल्यापासून रेघ कशी वर चाललीय!"

बाई म्हणाल्या, "त्या मारामाऱ्या आहेत, साहेब. आधी कोणी लिहीत नव्हतं, आता लिहितात."

साहेबांनी रुमाल खाली घेतला. व्यापारी माणूस, रस्ता काढल्याशिवाय राहतो होय!

"मग असं करा," ते म्हणाले, "पुढच्या आठवड्यात मोठे शेठजी येऊन राहिले. तोवर हा कागद उलटा टांगा!"

* * *

आता स्वयंपाकघराची गोष्ट.

आमचा स्वयंपाकी रामाधार महाराज. हिंदी मुलखाचा, अंगानं दणकट. त्याची शेवटची बस साडेपाचची होती. ती पकडायची म्हणून तो पेशंटचं रात्रीचं जेवण दुपारी साडेचारला वाढायचा. वर्षानुवर्षं. आम्हाला कधी काही वाटलं नाही. पागल माणसाला दिवस काय आणि रात्र काय, असं आम्ही धरून चाललो होतो.

बाईंनी दोन कागद शेजारी शेजारी लावले. एक झोपेच्या गोळ्यांचा, एक भांडणांचा. सोमवार ते शनिवार गोळ्याच गोळ्या. रविवार कमी. परत सोमवार ते शनिवार गोळ्या. रविवार कमी.

"किसनराव, रविवारी वेड उतरतं का हो?"

मी म्हणालो, "बाई, रविवारी सूर्याचा वार." मला जे सुचलं ते सांगितलं.

बाईंनी दोन आठवडे नाद सोडला नाही. मग उलगडलं. रविवारी महाराजाची सुट्टी असायची. त्या दिवशी बायांच्या वॉर्डातली आया स्वयंपाक करायची. तिला इतर कामं असायची, तिचं जेवण व्हायचं सातला!

महाराजाला बोलावलं. तो हात जोडून म्हणाला, "बाईजी, पागल को भूख का पता नहीं चलता."

बाई दुसऱ्या दिवशी साडेचारला ताट घेऊन पेशंटच्या पंगतीला बसल्या. पोळी, पातळ वरण, भोपळा. आणि म्हणाल्या, आता उद्या सकाळपर्यंत मी काही खाणार नाही.

साडेसहाला बाई ठीक होत्या. साडेसातला त्यांनी कंपाउंडरला विनाकारण झापलं. आठला फूटपट्टी टेबलावर आपटली. मी दारात उभा होतो, माझ्यावर ओरडल्या, "असे काय बघताय?"

मी अगदी अदबीनं विचारलं, "बाई, एक गोळी देऊ का?"

दुसऱ्या दिवसापासून जेवण सातला झालं. महाराजाला हॉस्पिटलातच खोली दिली, तो सहा महिने माझ्याशी बोलला नाही. गोळ्यांची बाटली दुप्पट दिवस पुरायला लागली. इतकी वर्षं आम्ही भुकेवर गोळ्या देत होतो. असं काही कळलं की माणसानं काय करावं? मी त्या दिवशी घरी जाऊन बायकोला म्हणालो, मला उशिरा वाढ. आणि उपाशीच झोपलो.

* * *

वर्षाचा अहवाल छापायची वेळ आली. सेक्रेटरी साहेब म्हणाले, बरे होऊन गेलेले किती, तो आकडा मोठ्या अक्षरात टाका. कंपाउंडरनं रजिस्टरातून नावं मोजली आणि आकडा काढला. चांगला मोठा निघाला.

बाईंनी नावं वाचली. एक नाव चार वेळा. मधुकर म्हणून एक पोरगेला माणूस होता, इतवारीतला. घरी जायचा, महिन्यानं औषध बंद करायचा, परत यायचा. दर वेळी जाताना रजिस्टरात 'बरा झाला'. चार वेळा बरा.

बाई म्हणाल्या, "हा एक माणूस आहे, याला चार कसे मोजता? आणि परत आला ते कुठे लिहिलंय?"

साहेब म्हणाले, "येणं वेगळ्या वहीत असते बाई. या वहीत फक्त जाणं."

मधुकर तिथंच फरशी पुसत होता. कानानं तिखट. फडकं पिळत म्हणाला, "साहेब, बाकीचे एकदाच बरे झाले, मी चारदा झालो. मंग सगळ्यात शहाणा मीच ना गा?"

त्या वर्षी अहवालात तो आकडा छापला नाही. साहेबांनी त्या जागी मोठ्या शेठजींचा फोटो टाकला.

* * *

आता दौलत.

हा किस्सा सांगताना मला हसू येत नाही, पण तुम्ही हसा. ज्यांना हसायचं आहे त्यांनी माझ्यावर हसा.

दौलतचा तक्ता मी भरायचो. झोपला, खूण. जेवला, खूण. भांडला, फुली. आणि 'विशेष' मध्ये रोज एकच, "एकटाच बडबडतो." हे मी माझ्या डोक्यानं लिहिलं नव्हतं. पेशंटच्या जुन्या रजिस्टरात नऊ वर्षांपूर्वी कोणीतरी लिहिलं होतं. त्याच्या खालच्यानं ते उतरवलं, त्याच्या खालच्यानं ते उतरवलं, आणि गेली कितीतरी वर्षं ते उतरवणारा मीच होतो. दौलत आला तेव्हा खरंच बिघडलेला होता. बाप आणि बायको एकाच पावसाळ्यात गेले, त्यानंतर हा खात नव्हता, पितही नव्हता, रस्त्यावर पळायचा. पण ते पहिलं वर्ष. पुढं काय झालं ते कोणी पाहिलंच नाही. वरची ओळ पाहायची आणि खाली लिहायची.

बाईंनी विचारलं, "बडबडतो म्हणजे काय बोलतो?"

"पागल आहे बाई. पागल बडबडते."

"हो, पण शब्द काय?"

मला माहीत नव्हते. रोज सकाळी ज्याचं कुलूप काढतो तो काय बोलतो ते मला माहीत नव्हतं!

"आठ दिवस त्याच्याजवळ बसा," बाई म्हणाल्या, "आणि जे ऐकाल ते लिहा. आपलं घालू नका."

मला राग आला होता. पण हुकूम. बसलो बापा. दौलत भिंतीला टेकून, पाय लांब करून बसायचा आणि पुटपुटायचा. मी कागद गुडघ्यावर ठेवून लिहायचो. "दोन लाल. एक पिवळा. दोन लाल. पाय बदल. चार काळे. पाय बदल. सोड." आठ दिवस हेच. आठ पानं झाली. मी मनात म्हटलं, घ्या, आता कळलं ना, पागलच आहे!

पानं घेऊन बाईंकडे गेलो. बाईंनी दौलतला बोलावलं. तो आला, बसला आणि बाईंच्या पदराकडे टक लावून पाहायला लागला. मी सावध झालो. धरायचा माणूस मी, सवय. बाईंनी हातानं मला थांबवलं.

दौलत पदराच्या काठावरून बोट हवेत फिरवत होता. पुटपुटत होता, "दोन लाल, एक पिवळा, दोन लाल..." फिरवता फिरवता बोट थांबलं.

"इथं चुकला," तो म्हणाला.

"काय चुकलं?"

"विणणारा चुकला जी. इथं पिवळा पाह्यजे होता, त्यानं लालच चालवला. धाग्याचा धोटा फेकताना कोणी हाक मारली असंन त्याले."

बाईंनी पदर डोळ्यांजवळ नेला. चष्मा कपाळावर चढवून पाहिला. मग मला दाखवला. एक धागा. खरंच लाल होता.

नऊ वर्षं माग नव्हता समोर, तरी तो माणूस रोज मनातल्या मनात लुगड्यांचे काठ विणत होता. आणि मी लिहीत होतो, बडबडतो. त्या नऊ वर्षांतली पहिली दोन-तीन सोडा. बाकीची किती आजाराची आणि किती माझ्या पेनाची, ते मी मोजलेलं नाही. मोजणारही नाही.

बाईंनी त्याला विचारलं, "दौलत, मोठ्यानं का बोलता?"

तो म्हणाला, "मनात म्हटलं तर मोजणी हरपते. सगळेच विणकर म्हणतात जी. तिकडे खाप्याले बम जोरजोरानं म्हणतात, कोणी कोंडत नाही."

* * *

कमिटी बसली. घरी सोडायचं ठरलं, पण सेक्रेटरी साहेबांनी अट घातली. तीन महिने नमुन्याला सोडा. घरच्यांनी रोज तक्ता भरायचा आणि महिन्याच्या शेवटी पाठवायचा. तक्ता बिघडला तर दौलत परत वॉर्डात. आणि मग पुन्हा नाव काढायचं नाही.

त्याला पोचवायचं काम माझ्यावर. एसटीला वेळ होता, दौलत म्हणाला, बर्डीच्या बाजारावरून चला ना. गेलो. एका लुगड्यांच्या दुकानाच्या काचेसमोर हा उभा राहिला तो हलेना. दुकानदार बाहेर आला.

"काय पाह्यजे?"

"काही नाही जी," दौलत म्हणाला, "नऊ वर्षांत काय काय बिघडलं थे पाहून राहिलो."

मी त्याला दंडाला धरून ओढला, नाहीतर दुकानदारानं दोघांनाही भरती केलं असतं.

खाप्याला घरी पोचलो. त्याचा धाकटा भाऊ शंकर दारातच होता. आत जुना माग, त्यावर कांद्याची पोती रचलेली. ती समोरची खोली शंकरला किराणा दुकानासाठी पाहिजे होती, हे मला गल्लीतल्या पहिल्याच माणसानं सांगितलं. पत्ता विचारला होता, त्यानं सगळंच सांगितलं.

शंकरची बायको पदर कमरेला खोचून बाहेर आली. दौलतशी एक शब्द नाही. मला विचारते, "जेवते का हा माणसासारखा?"

मी तोंड उघडायच्या आत दौलत बोलला, "वाढून पाहा ना वं सूनबाई."

वाढलं तिनं. तो माणसासारखाच जेवला. ताट उचलून विहिरीवर घासून ठेवलं. सूनबाई बघत राहिली. शंकरनं त्या घरात कधी ताट उचललेलं दिसत नव्हतं.

मी तक्ता समजावून दिला. खूण कुठे, फुली कुठे. पहिला महिना नीट गेला. तक्ता आला, सगळं ठीक.

* * *

दुसऱ्या महिन्यात शंकर स्वतःच आला. बरोबर दौलत, दौलतच्या काखेत गाठोडं.

"ठेवून घ्या जी," शंकर म्हणाला, "आमच्यानं होत नाही." आणि तक्ता बाईंच्या टेबलावर ठेवला.

बाईंनी वाचला. भांडला, खूण. भांडला, खूण. झोपला, फुली. 'विशेष' मध्ये काय काय! भिंतीला डोकं आपटलं. म्हाताऱ्या आईला ढकललं. शंकरच्या बायकोच्या अंगावर पाटा फेकला. बाईंचा चेहरा उतरला. त्यांनीच तर सगळ्यांना सांगितलं होतं की कागद सांगेल ते खरं. आता कागद सांगत होता. दौलत बाकावर बसला होता. गाठोड्याची गाठ सोडत होता, बांधत होता. बाईंनी भरतीचा फॉर्म काढला, पेनाचं टोपण उघडलं.

"किसनराव, हा तक्ता फायलीला लावा."

मी हातात घेतला. बघा, मी शिकलेला नाही. बाईंचे आलेख मला कधी कळले नाहीत. पण खोटं भरलेला कागद मला दहा हातांवरून वास देतो. सगळी शाई एकाच दिवसाची. खुणा सगळ्या एकाच तिरपेपणाच्या. माणूस रोज लिहितो तेव्हा एक दिवस घाईत असतो, एक दिवस हात भिजलेला असतो. हा कागद एका बैठकीत, चहा पीत भरलेला. मी स्वतः असे कितीतरी महिने भरलेत, मला कोण शिकवणार? चोराच्या वाटा चोराला ठाऊक.

मी खाली खाली पाहत गेलो. आणि म्हणालो, "शंकर, आज तारीख काय गा?"

"बावीस."

"मंग अठ्ठावीस तारखेले यानं तुझ्या बायकोवर पाटा फेकला, हे तुले आजच कसं माहीत?"

शंकरनं कागदाकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, दौलतकडे पाहिलं.

"फेकणारच होता जी!" तो म्हणाला.

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. भरतीचा फॉर्म ड्रॉवरमध्ये गेला. मला वाटलं आता शंकरला चांगलं सुनावतील. नाही. त्यांनी एक कोरा तक्ता काढला आणि तो शंकरला न देता दौलतच्या हातात दिला. दौलतही माझ्यासारखाच चौथीपर्यंत गेलेला.

"हा पुढच्या महिन्याचा, शेवटचा," बाई म्हणाल्या. "हा तुम्ही स्वतः भरा. रोजचं रोज. घरात जे होईल ते लिहा, आपलं घालू नका. यावरच काय ते ठरवीन."

शंकर म्हणाला, "पागलच्या हातचा कागद चालंन का जी?"

बाई म्हणाल्या, "शहाण्याच्या हातचा पाहिला ना आत्ता."

* * *

दौलत शंकरबरोबर परत खाप्याला गेला. तो महिना मी मोजून काढला. वॉर्डात दौलतची खाट, न जाणो म्हणून, रिकामीच ठेवली होती, सेक्रेटरी साहेबांनी दोनदा विचारलं की ती दुसऱ्याला का देत नाही. मी म्हणालो, खाटेचा पाय मोडला आहे. असा खोटेपणा मी मरेपर्यंत करीन.

तक्ता पोस्टानं आला. बाईंनी पाकीट फोडलं, पाहिलं आणि मला म्हणाल्या, "किसनराव, मोठ्यानं वाचा." त्यांचा चष्मा तर नाकावरच होता.

दौलतनं कागदावर नव्या रेघा मारल्या होत्या. सूत धरून मारल्यासारख्या सरळ. एका नावाच्या जागी त्यानं चार नावं केली होती. शंकर, सूनबाई, आई, दौलत. बाईंनी सांगितलं होतं, घरात जे होईल ते. त्यानं घराचं लिहिलं होतं!

मी वाचायला लागलो.

"पहिली तारीख. शंकर, झोपला नाही. एकटाच बडबडला. शब्द: दुकान, दुकान. सूनबाई, जेवली नाही. भांडी आपटली. आई, रडली. दौलत, जेवला, झोपला.

"चौथी तारीख. शंकर, भांडला, कोणाशी ते दिसलं नाही. सूनबाई, बडबडली. शब्द लिहीत नाही, बाई वाचतील. आई, जेवली. दौलत, कांद्याची पोती परसात नेली.

"नऊ तारीख. शंकर, परसात कांदे पाहून भांडला. मग झोपला. दौलत, मागाला तेल दिलं.

"सोळा तारीख. सूनबाई, जेवली. मागाजवळ उभी राहिली. रंग विचारला. शंकर, बडबडला, पण हळू.

"बावीस तारीख. शंकर, मागावर ताण्याचे धागे लावताना दुसरं टोक धरलं. अर्धा तास. काम केलं, खूण. आई, हसली, खूण. दौलत, एक वार विणलं.

"सव्वीस तारीख. शंकर, भांडला नाही. जेवला. ताट उचललं."

मी थांबलो. खिशात तंबाखू चाचपली. बाई खिडकीतून तुरीच्या शेताकडे पाहत होत्या. म्हणाल्या, "खाली 'विशेष' मध्ये काय आहे?"

कागदाच्या तळाशी मोठ्या अक्षरात, एकेक अक्षर धाग्यासारखं ओढून, लिहिलं होतं:

"शंकरले दवाखान्यात आणू नये. घरच्यांनी सांभाळून घेतलं तर सुधरून राहिला."